बंदुकांच्या खोलीतली वाट

सिंदेवाहीच्या मोटारीचा कंडक्टर टपालाची थैली टाकता टाकता म्हणाला, "मास्तरीणबाई वारल्या, भाऊ. भाच्याच्या घरीच." मी थैलीचे सील तपासले, सही केली, आणि मग खुर्चीत बसलो तो बसलोच. पंधरा दिवसांत येते म्हणून गेलेली बाई... घराची किल्लीसुद्धा माझ्याचकडे ठेवून गेली होती.

घर म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या शिकारबंगल्यातली बंदुकांची खोली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तेव्हा मालगुजारांनी बंगल्याचे तीन भाग पाडून विकायला काढले. जेवणाचा दिवाणखाना मी घेतला. पागेचा भाग मूल गावच्या एका व्यापाऱ्याने घेऊन तिथे धान भरले आणि मागच्या चौकात उघडणारे दार विटांनी बुजवून टाकले. बंदुकांची खोली तेवढी कोणी घेईना. कारण चौकात एक मोहाचे झाड आहे आणि टोल्यावरची, म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची, सोमीबाई त्याची फुले वेचते, तिच्या सासूच्या काळापासून. आमच्याकडे झाड कोणाच्याही जमिनीत असो, मोह कोणी वेचायचा हे ठरलेले असते. माझ्या भागाला चौकाकडे नुसती खिडकी, त्यामुळे पागेचे दार बुजल्यावर चौकात जायला बंदुकांच्या खोलीतूनच काय ती वाट उरली. म्हणजे खोली घेणाऱ्याने चैत्रभर रोज पहाटे एका बाईला आपल्या घरातून जाऊ द्यायचे.

मास्तरीणबाई मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, मागे-पुढे कोणी नाही, स्वभाव फटकळ. खोली दाखवायला आलेला कारभारी म्हणाला, झाड खोलीबरोबरच येते, नको तर तोडा. बाईंनी छप्पर पाहिले नाही, भिंत ठोकली नाही. तशाच उठून टोल्यावर गेल्या आणि सोमीबाईला विचारून आल्या की माझ्या घरातून जायला तुला अवघड तर वाटणार नाही ना. सोमीबाई म्हणाली, "घर तुमचं, बाई. झाड माह्या सासूचं." एवढ्यावर व्यवहार झाला. मी चेष्टा केली, की लोक रस्त्यावर घर घेतात, तुम्ही घरात रस्ता घेतला. बाई ठसक्यात म्हणाल्या, "खोली घेतली मी, भाऊ. फुलं नाई घेतली."

फुले गळायच्या आधी लोक झाडाखालचा पाला जाळतात. चौकात जाळ केला तर कौलांचे वासेच पेटायचे, म्हणून बाई स्वतः खराटा घेऊन झाडाखाली अंगणासारखी जागा झाडून ठेवत. मला हात लावू देत नसत. म्हणत, पोस्टमास्तर झाडायला लागला तर पाचोळ्यावरसुद्धा शिक्का मारील. चैत्र लागला की दोन्ही दारांच्या कड्या काढून ठेवायच्या, दार नुसते लोटलेले. सोमीबाई पहाटे खोलीतून जायची, बाई कूस बदलून पुन्हा झोपायच्या. जिथे मालगुजारांच्या बंदुका टांगलेल्या असत त्या खुंटीवर सोमीबाईची टोपली राहू लागली. जाताना ती कोनाड्यात मूठभर फुले ठेवी. बाई ती भाजून गुळासोबत कुटत आणि लाडू माझ्याकडे पाठवत. असे गोड मला आता कोण देणार आहे...

बाई गेल्यावर भाच्याचे पत्र आले, की खोली विकायची आहे, गिऱ्हाईक तुम्हीच पारखून द्या. मी जबाबदार माणूस. बाहेरच्या दाराला बाईंच्या कुलपाच्या जागी नवे भक्कम कुलूप ठोकले आणि निश्चिंत झालो. चार दिवसांनी माझ्या खिडकीतून आंबूस वास यायला लागला. पाहतो तर न झाडलेल्या पाल्यावर फुलांचा थर, खालची काळी पडलेली. चैत्र कधी लागला, मला कळलेच नव्हते. तसाच टोल्यावर धावलो. सोमीबाई दोन दिवस येऊन परत गेली होती. "काऊन नाई बोलली मले?" मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, "कुलपाले का बोलाव, भाऊ? बाई गेली तं वाट बी गेली, असं समजली मी." आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी कुलूप काढले. नंतर एक गिऱ्हाईक आले. चांगला सुखवस्तू माणूस, खोली त्याला पसंत पडली, फक्त मागचे दार बुजवतो म्हणाला. मी नाही म्हटले. तो म्हणाला, पोस्टमास्तर, असे गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही. न मिळो. भाच्याला तसेच कळवले, आणि तोही बाईंचाच भाचा, त्याने ऐकले.

तेव्हा खोली अजून विकायची आहे. कौले शाबूत आहेत, भिंती हातभर जाड, उन्हाळ्यात आत गार वाटते. ज्याला घ्यायची असेल त्याने खुशाल यावे, मी दाखवीन. खुंटीवर एक टोपली दिसेल, ती सामानात धरू नये. आणि चैत्रात या. झाडाखालची जागा झाडलेली असेल. सध्या ती मी झाडतो, शिक्का न मारता.