शाबूत सालीची भाजी

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेच माझ्या लघवीत साखर निघाली. मेहकरच्या डॉक्टरांनी निळ्या औषधाची बाटली आणि काचेची नळी दिली. औषधात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं म्हणजे थोडी, विटकरी म्हणजे भरपूर. "भात, गूळ बंद. भाज्या पोटभर खा. महिन्यानं या. तेव्हा विटकरी निघालं तर रोज सुई." सुईला मी इतका भितो, की गावात देवी टोचणारा आला की चांगला बापई माणूस असून शेताकडे निघून जात असे.

बायकोनं मनावर घेतलं. ती वांगी, कांदे, टमाटे चुलीच्या फुफाट्यात भाजून भरीत करू लागली. भरीत इतकं चवदार लागलं, की मला संशय आला. पथ्याचं जेवण असं लागतं होय? त्यातून नळी हिरवट.

"यात गूळ टाकला का वं?"

"काऊन टाकीन? मले काय तुमाले सुया टोचलेल्या पाहाच्या हायेत?"

"तुह्या माहेरी वरणातबी गूळ असते."

"मंग सोता भाजा न."

भाजलं. गुळाची भेली आधी पेटीत घातली आणि किल्ली करदोड्याला बांधली. मग विचार केला, वांग्यातली अळी पाहायला त्याला चीर द्यावी लागते, आणि चिरेतून कोणीही काहीही घालू शकतं. तेव्हा नियम केला: ज्याची साल मीच सोलीन, तेच खाईन. असं मळ्यात काय होतं? रताळी. डॉक्टर भाजी म्हणाले होते. आणि जे एकादशीला चालतं ते पथ्याला न चालायला काय झालं? रोज फुफाट्यात रताळी पुरून मी पाटावर पहाऱ्याला बसे. सालीतून काळा चिकट पाक ओघळे, तोही बोटानं चाटून घेई.

नळी वीटभट्टीतून काढल्यासारखी लाल.

आता बायको मिठात काही मिसळते की काय, म्हणून मी मीठही सोडलं. नळी तशीच.

एका सकाळी तिनं परसात बोलावलं. भिंतीखाली दोन ढीग होते. एकीकडे तिच्या वांग्यांच्या साली, दुसरीकडे माझ्या रताळ्यांच्या. माझा ढीग मुंगळ्यांनी काळा झाला होता. तिच्याकडे एक माशी.

"म्या गूळ टाकला न? मंग इथं काऊन नाही आले हे?"

"त्यायचं वारूळ तिकडंच असन," मी म्हणालो.

तिनं खराट्यानं मुंगळे झाडले आणि ढिगांची अदलाबदल केली. चहा पिऊन पुन्हा पाहायला गेलो, तर मुंगळ्यांची रांग वांग्यांना वळसा घालून रताळ्यांकडे चालली होती.

उरलेले दिवस मुकाट्यानं भरीत खाल्लं. मेहकरला डॉक्टरांनी नळी खिडकीपुढे धरली, तेव्हा मी आधीच डोळे मिटून दंड घट्ट पकडला होता.

"हिरवं आहे. सुई नको. काय खाता?"

"वांगी," बायको माझ्याआधी म्हणाली.

एसटीत बसल्यावर तिनं हात पुढे केला. "पेटीची किल्ली."

दिली. ती आजही तिच्या पदराला आहे. आणि मी मळ्यातून आलो की ती आधी माझी बोटं पाहते, चिकट आहेत का.