वेगळ्या तपेलीतलं रक्त

"हात पुढे कर," भाऊसाहेब म्हणाले.

मी हात पुढे केला. दिवाणखान्याच्या दारात उभी होते, उंबऱ्याच्या बाहेर. आत साहेबाचे पाहुणे. दोन गोरे, एक मडम, आणि भाऊसाहेबांचे गिरगावातले स्नेही, वकील. भाऊसाहेबांच्या हातात लाकडी चिमटा होता. चिमट्यात काचेची नळी. नळीत माझं रक्त. लाल नव्हे. पांढरं. उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट झालेलं.

मडमेनं नळीकडे पाहिलं. मग माझ्या हातावर सुई टोचल्याची जागा पाहिली. मग पुन्हा नळी. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही.

भाऊसाहेब इंग्रजीत बराच वेळ बोलले. मग वकिलांकडे वळून मराठीत म्हणाले, "जात रक्तात असते असं आपले लोक सांगत आले. आता काचेत दिसते."

वकील हसले. "म्हणजे शास्त्रीबुवांना विलायतेची साक्ष मिळाली म्हणा की."

पाहुणे चहाला बसले. हात खाली घे असं मला कुणी म्हणालं नाही. मी तो तसाच धरून उभी राहिले. चहाचे पेले रिकामे झाले तरी तसाच.

अजून कधी कधी चुलीपुढे बसल्याबसल्या माझा हात आपोआप पुढे येतो. आये बघते. मग तो धरून खाली घेते.

आम्ही महार. माझे वडील पलटणीत हवालदार होते. पलटणीच्या शाळेत मुलींनाही बसवायचे, म्हणून मी चौथी शिकले. वडील गेले आणि आये मला घेऊन मुंबईला आली, परळच्या वस्तीत मामाच्या आसऱ्याला. मला माणसांत बोलायला जमत नाही. लहानपणापासूनच. बोलायचं ते मनात आधी चार वेळा बोलून होतं, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. म्हणून हे लिहिते. लिहिताना कुणी निघून जात नाही.

परळला एका डॉक्टर साहेबाचा बंगला होता. तिथे मी काचा धुवायची. नळ्या, बाटल्या, चंबू. मागच्या व्हरांड्यात माझी जागा. धुतलेली काच मी फळीवर ठेवायची, ती भट्टीत तापायची, मग भाऊसाहेब ती हातात घ्यायचे. काच भट्टीतून निघाली की शुद्ध, असा त्यांचा हिशेब. पाण्याचा हिशेब वेगळा होता. माझ्या हातचं पाणी कुठल्याच भट्टीतून शुद्ध होत नव्हतं.

भाऊसाहेब साहेबाचे मदतनीस. कॉलेजात शिकलेले. रोज गिरगावातून ट्रामनं यायचे. वाईट बोलायचे नाहीत, शिवी तर कधीच नाही. माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलायचे, एवढंच.

साहेबाला एकाच गोष्टीचं वेड होतं. अंड्यातल्या पांढऱ्याचं. तो म्हणायचा, अंड्याचं पांढरं, दूध, मासळी, माणसाचं रक्त, सगळ्यांत एकाच कुळीचा पदार्थ आहे. त्याला तो आल्ब्युमिन म्हणायचा. आम्ही बायका पांढरंच म्हणायचो. अंड्याचं पांढरं आधी पाण्यासारखं आरपार असतं. तापवलं की एका क्षणी दुधाळ होतं, मग घट्ट. मग ते गार करा, बर्फात ठेवा, परत पाणी होत नाही. असं का होतं, हे साहेबाला शोधायचं होतं. आत काय मोडतं ते कुणालाच ठाऊक नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

मी अंडी फोडून द्यायची तेव्हा ते बघायची. मला वाटायचं, आत काहीतरी घडी घालून ठेवलेलं असावं. आये ठेवणीतलं लुगडं घडी घालून ठेवते तसं, फार बारीक. उष्णतेनं घडी सुटते, मग सगळं एकमेकांत गुंतून बसतं. गुंतलेलं पुन्हा तसंच घडीत बसत नाही. हे माझं आपलं मनातलं. कुणाला सांगितलं नाही.

मग साहेबानं माणसांचं रक्त घ्यायचं ठरवलं. निरनिराळ्या माणसांचं पांढरं एकाच उष्णतेला घट्ट होतं की नाही, ते त्याला बघायचं होतं. पहिल्यांदा त्यानं स्वतःचं घेतलं. मग भाऊसाहेबांचं. मग मुसलमान पट्टेवाल्याचं. मग येसूचं. येसू शीवच्या कोळीवाड्याची, मासळी आणि बदकाची अंडी घेऊन यायची. आणि मग माझं.

सुई साहेबानंच टोचली. माझं मनगट त्यानं धरलं, काही न वाटता. वडील गेल्यापासून परक्या माणसानं मला इतकं सहज धरलं नव्हतं. मला रडू आलं. त्याला वाटलं सुई दुखली. पण तोही नळीकडेच बघत होता.

रक्त ठेवलं की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं, पातळ केलेल्या तुपासारखं. ते वेगळं काढून नळ्यांत भरलं. पाच नळ्या फळीवर उभ्या. कुठली कुणाची, सांगता येत नव्हतं. म्हणून भाऊसाहेबांनी प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. माझ्या नळीला काळा.

तापवायला तांब्याचं मोठं घंगाळ होतं. शेगडीवर ठेवायचं, पाण्यानं भरायचं, त्यात नळ्या सोडायच्या. पाऱ्याची नळीही त्यातच उभी असायची. किती उष्णता झाली ते ती सांगायची. तशी ती बंगल्यात एकच होती.

भाऊसाहेबांनी चार नळ्या घंगाळात सोडल्या. माझी हातात चिमट्यानं धरून थांबले. मग पट्टेवाल्याला म्हणाले, "ती धाकटी तपेली आण. हिची त्यात."

घंगाळातल्या नळ्या ते बोटांनी उचलायचे. ते पाणी त्यांच्या हाताला लागायचं. त्यात माझं रक्त नको.

येसू दाराशी बसली होती. ती कशाला गप्प बसते. "काय ओ भाऊसायेब, सायबाचा रगत चालला, पट्टेवाल्याचा चालला. माजा तं बोंबलाचा वास मारतंय, त्यो पन चालला. या पोरीनं काय घोडा मारला?"

"येसू, तू तुझी टोपली उचल," भाऊसाहेब म्हणाले.

ती तोंडावर पदर घेऊन हसत गेली. मी हसले नाही. खाली बघत होते.

तपेली स्पिरिटच्या दिव्यावर ठेवली. घंगाळ शेगडीवर. भाऊसाहेब मधे उभे राहिले. डोळा पाऱ्यावर. थोड्याच वेळात माझी नळी दुधाळ झाली. घंगाळातल्या चारही अजून स्वच्छ होत्या. भाऊसाहेबांनी पारा वाचला, माझ्या नळीकडे पाहिलं, पुन्हा पारा वाचला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरत नाही. खोटं करणाऱ्याचा तो चेहरा नव्हता. देव दिसावा तसा उजळला होता. ते पळतच साहेबाच्या खोलीत गेले.

साहेब आला तेव्हा माझी घट्ट पांढरी, बाकीच्या तशाच. तो कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. तपेलीकडे त्यानं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असेल तरी त्याला ती दिसली नसेल.

आणि मी खरं मानलं. हे लिहायला जड जातं. मला वाटलं, असेलच. इतके शिकलेले लोक बघतायत. काच बघतायत. आमचं रक्तच कच्चं असेल. थोड्या आचेनं मोडणारं. म्हणूनच पलटणीत इतकी वर्षं काढूनही वडिलांना शेवटी महारकी चुकली नाही, असंसुद्धा वाटलं. त्या दिवशी घरी आले आणि आयेच्या हातावरच्या शिरांकडे बघत बसले. तिच्यातही तेच. आजीतही तेच असणार.

मग पाहुणे आले, आणि दारातला तो प्रसंग झाला.

नळीचं तोंड मेणानं बंद करून ती खिडकीतल्या फळीवर ठेवली. काळा दोरा तसाच. मी बाहेरून खिडकीच्या काचा पुसायची तेव्हा ती समोर यायची. ऊन पडलं की आतलं पांढरं उजळायचं. ते सडत नव्हतं, वाळत नव्हतं. मेलेल्याला आम्ही माती देतो. हे माझंच होतं आणि मातीविना उभं होतं. भाताची पेज पांढरी झाली की मला ते दिसायचं. शेजारणीनं पोराला अंगावर घेतलं, दूध ओठावर आलं, तरी तेच दिसायचं. जेवण जाईना.

आयेनं एके दिवशी धरून बसवलं. "काय झालाय गो बाय? कोनी हात लावला काय?"

"नाही. हात कुणी लावत नाही."

मग सगळं सांगितलं. घंगाळ, तपेली, पाहुणे. आये चुलीपुढे भात ढवळत होती. ऐकून घेतलं. मग पळी टोपावर ठेवली.

"ल्हान टोपात भात आदी शिजतो," ती म्हणाली. "त्यात जातीचा काय?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"आनि ती पाऱ्याची कांडी? ती तुज्या तपेल्यात घातलेली?"

नव्हती घातलेली. पाऱ्याची नळी माझ्या पाण्यात कशी घालणार? ती विटाळली असती. माझ्या पाण्याची उष्णता कुणी मोजलीच नव्हती. दुसऱ्याच पाण्याची मोजली होती आणि माझ्या नावावर मांडली होती.

आये पुन्हा ढवळायला लागली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र आता कुठे कळलं. वेगळं भांडं आधी आलं. वेगळं रक्त त्या भांड्यातून निघालं.

तरी मी कामावर जात राहिले आणि बोलले नाही. काचा धुतल्या. खिडकी पुसली. त्या दिवसांत गाठीच्या तापाची साथ सुरू झाली होती. वस्तीत कुणी डॉक्टराचं नाव काढलं की लोक दारं लावून घ्यायचे. एका सकाळी साहेबानं मला बोलावलं. भाऊसाहेब बाजूला उभे होते, भिंतीकडे बघत.

"साहेबांना तुमच्या वस्तीतल्या माणसांचं रक्त हवंय," ते म्हणाले. "जितकी मिळतील तितकी. आम्ही आलो तर लोक पळतील. तू घेऊन ये. तुझी आई, नातलग, शेजारी. तुझ्यावर विश्वास ठेवतील."

म्हणजे वस्तीतल्या सगळ्या हातांची रांग. सगळ्यांना काळा दोरा. खिडकीची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. मग ते छापतील. मग आमच्या पोरांची पोरं शाळेत जातील, तेव्हा मास्तर ते वाचून दाखवेल.

टेबलावर घंगाळ होतं, पाण्यानं भरलेलं, पाऱ्याची नळी आत उभी. शेजारी माझी तपेली.

मनात चार वेळा बोलले. या वेळी कुणी निघून गेलं नाही.

"एकाच पाण्यात ठेवा," मी म्हणाले. "मग आणते."

भाऊसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "काय म्हणालीस?"

"आमच्या नळ्या घंगाळात ठेवा. तुमच्या ठेवता तिथे. पाऱ्याची नळी असते तिथे."

साहेबानं इंग्रजीत विचारलं, ही काय म्हणते. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं. पलटणीतले दोनचार इंग्रजी शब्द मला कळतात. ही भितेय, असं त्यांनी सांगितलं.

"नो," मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक निघाला. "भीत नाही, साहेब. पाणी."

आणि तपेलीकडे बोट केलं. मग घंगाळाकडे.

साहेबाच्या कपाळावर आठी पडली. तो समजायच्या बेताला आला होता, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कधी वाटतं. पण त्यानं घड्याळ बघितलं आणि भाऊसाहेबांना काहीतरी सांगितलं.

"साहेब म्हणतात, तुला जमत नसेल तर दुसरी कुणी बघू," भाऊसाहेब म्हणाले. "जा. नळ्या धुवायच्या पडल्यायत."

मी गेले नाही. तपेली उचलली. आत थोडं पाणी होतं, माझंच भरलेलं. ते घंगाळात ओतलं. सावकाश. पाऱ्याच्या नळीवरून.

खोलीत आवाज झाला तो पाण्याचा तेवढाच. भाऊसाहेब दोन पावलं मागे सरले. त्यांना घंगाळाला हात लावता येईना, आणि पारा तर त्यातच उभा.

रिकामी तपेली टेबलावर उपडी ठेवून मी मागच्या दारानं निघाले. काम त्याच दिवशी सुटलं. करी रोडपर्यंत चालत गेले, पण कुठे चालले होते ते कळत नव्हतं.

यानं काही बदललं असं मी लिहिणार नाही. दुसरं घंगाळ आलं असेल. दुसरी कुणी बाई शोधली असेल. माझी नळी त्या खिडकीत अजून असेल, काळ्या दोऱ्यासकट, आणि तिच्याकडे बोट करून कुणी अजून सांगत असेल. ऊन पडलं की मला इथं बसून ती दिसते. ती मला परत मिळायची नाही, आणि तिला मातीही मिळायची नाही.

पण मी वस्तीत दारोदार गेले. माणसांत बोलता न येणारी मी. प्रत्येक दाराशी उभी राहून तेवढंच सांगितलं. रक्त मागायला आले तर हात पुढे करायच्या आधी विचारा, नळी कोणत्या पाण्यात ठेवणार. त्यांच्याच पाण्यात ठेवत असतील तर द्या. वेगळं भांडं दिसलं तर हात मागे घ्या. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, येवड्याशा पान्यावरनं कशाला वाकडं घेतीस?" मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तापलेलं पांढरं परत पाणी होत नाही. मीही आता पहिल्यासारखी होणार नाही. हात पुढे कर असं कुणी म्हणालं, तर आधी त्याचं भांडं बघीन.