पाखऱ्याची उडी

आमच्या साडूंइतका कडक राज्यकर्ता धाराशिव जिल्ह्यानं निजामाच्या अमदानीतही पाहिला नसेल. त्यांचं राज्य तसं फार मोठं नाही, शर्टाच्या वरच्या खिशात मावतं. आमच्या लहानपणीच्या जुन्या कॉमिकांचे दर्दी महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत, त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि साडू त्याचे एकमेव ॲडमिन आहेत. पोटासाठी ते आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीत खत-बियाण्याचं दुकान चालवतात, पण ती त्यांची दुय्यम कामगिरी. शेतकरी समोर उभा राहून सोयाबीनवरच्या अळीचं औषध मागत असतो आणि साडू मोबाइलमध्ये डोकं घालून कुण्या परजिल्ह्यातल्या सभासदाला दम देत असतात. एकदा माझ्यादेखत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मालक, ह्यानं मरंल का?" साडू वर न बघता म्हणाले, "तिसऱ्या अंकात मरतो, पण पाचव्यात परत येतो." म्हातारा औषध न घेताच निघून गेला.

ग्रुपचं काम म्हणजे पिवळी पडलेली कॉमिकं पान पान करून मोबाइलवर चढवायची आणि मग त्यांच्यावर भांडायचं. भांडणारे लोक साधेसुधे नाहीत. त्यांच्यात दंतवैद्य आहेत, बँकेतले साहेब आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत. नातवंडं झालेली ही माणसं एका खलनायकाच्या मिशा दुसऱ्या अंकात वर होत्या की खाली, यावर आठवडा काढतात आणि शेवटी एकमेकांच्या घराण्यावर घसरतात. साडूंचा कायदा एकच: जसं होतं तसं. पान फाटकं असेल तर फाटकं, डाग असेल तर डाग. त्यातल्या एका दंतवैद्यानं एकदा वज्रकेतूचा विटून गुलाबी झालेला झगा मोबाइलवर हळूच लाल करून टाकला. वज्रकेतू हा या मंडळींचा मुखवटेवाला नायक. साडूंनी दंतवैद्याला त्याच मिनिटाला ग्रुपमधून कायमचं काढलं. मी म्हटलं, "अहो, बरा दिसत होता की लाल." तर म्हणाले, "साडू, लोकांच्या किडलेल्या दातावर टोपी घालायची सवय हाय त्याला. हितं चालायची न्हाय."

घरातली तऱ्हा याहून वरची. धान्याच्या कोठीत कडुलिंबाच्या पाल्यात कॉमिकं निजलेली आणि ज्वारीचं पोतं पाहुण्यासारखं दारात बसलेलं. पाहुण्यांना मात्र बसायची परवानगी नाही, आधी हात धुवायचे. माझ्या मेहुणीनं लग्नानंतर पहिल्यांदा कोठी उघडली तेव्हा नव्या नवरीलाही हेच सांगण्यात आलं होतं, असं ती अजून दर दिवाळीला सांगते. साडूंच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही माकणीला गेलो, तेव्हा मुलीकडच्यांनी पोह्यांच्या बशा फिरवल्या आणि विचारलं, "तुमच्या काही अपेक्षा?" साडू म्हणाले, "माळ्यावर जुनी पुस्तकं हायत का?" पाच मिनिटांत हा ज्येष्ठ पाहुणा शिडीवरून माळ्यात गडप झाला. खाली मुलगी मान खाली घालून बसलेली, वर धाडधूड. शेवटी डोक्याला जाळी लावून, काखेत दोन फाटकी कॉमिकं मारून साडू उतरले आणि म्हणाले, "आपल्याला स्थळ पसंत हाय." लग्न झालं. पुतण्याचा संसार उत्तम चाललाय, हे केवळ मुलीचे उपकार.

हात धुवायचा हा सोवळेपणा साडूंनी उचलला तो भूमच्या चाचांकडून. साडूंचं बालपण भूमचं. तिथं एसटी स्टँडच्या बाजूला चाचांचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. पुढं एक बाकडं, कोपऱ्यावर हापसा. पोरगं आलं की चाचा मान वर न करता म्हणायचे, "हात धुऊन ये." कॉमिकांचं पार्सल एसटीनं यायचं आणि पोरं ते टपावरून उतरायच्या आधीच हापशावर रांग लावायची. दुकान केव्हाच बंद झालं. चाचा आता सुनेच्या हातचं खात आरामखुर्चीत असतात, पण साडूंनी त्यांना ग्रुपमध्ये मानाचं पान दिलं आहे. ग्रुपवर ते कधी भांडत नाहीत. अधूनमधून बोलून एकच निरोप पाठवतात: "घोड्याचं काही कळलं का?"

हा घोडा म्हणजे वज्रकेतूचा पाखऱ्या. एका अंकाच्या शेवटच्या पानावर तो धन्याला पाठीवर घेऊन काळदरीवरून उडी मारतो. वरच्या चित्रात तो हवेत आहे. खालच्या चित्रात काय आहे, ते आज कुणालाच ठाऊक नाही, कारण त्या चित्राच्या बरोबर मागच्या बाजूला कूपन छापलेलं होतं. कूपन कापून पाठवलं की वज्रकेतूच्या सेनेचा पत्र्याचा बिल्ला घरी यायचा. महाराष्ट्रातल्या यच्चयावत पोरांनी कात्री चालवली आणि बिल्ल्यापायी पाखऱ्याला अधांतरी सोडलं. त्यानंतर वज्रकेतूचे अंक निघायचेही बंद झाले. ज्यांनी कापण्याआधी वाचलं होतं ते ग्रुपवर छातीठोकपणे सांगतात; एकाच्या मते घोडा दरीत पडला, दुसऱ्याच्या मते त्याला पंख फुटले आणि प्राध्यापकांच्या मते तो मुळात घोडाच नव्हता. चाचांच्या दुकानातला अंक तर पार्सल सुटल्या सुटल्या कुणीतरी नेला आणि भोकासकट परत आणला. रात्री दुकान लावून प्रत्येक नवा अंक स्वतः वाचणाऱ्या चाचांना त्या दिवशी भोकातून पलीकडची भिंत दिसली.

यंदा चाचांच्या डोळ्याचं निघालं. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी साडूंना फोन केला. "डॉक्टर म्हणतोय दिसंल. दिसंल बी. पण न्हाई दिसलं तर बेटा? त्याच्या आदी तेवढा घोडा पलीकडं गेला का न्हाई, बघायचं व्हतं." साडूंनी ग्रुपवर आर्जवं केली, रद्दीवाले पालथे घातले. पान मिळालं नाही.

मग एका रविवारी ते रंगाची पेटी घेऊन धाराशिवला माझ्या घरी आले आणि दार लावून घ्या म्हणाले. वाशीत कुणाला कळायला नको होतं. ज्या माणसानं गुलाबी झगा लाल केला म्हणून एका दंतवैद्याला तडीपार केलं, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आख्खा घोडा बनवत होता. मी हे त्यांना बोलून दाखवलं. असल्या वेळी गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. "बोलू नका साडू," ते म्हणाले, "मान बिघडंल." मान केव्हाच बिघडली होती. साडूंनी आयुष्यात काढलेलं प्रत्येक जनावर शेवटी म्हशीकडं झुकतं. पाखऱ्या दरीच्या पलीकडं चारी पायांवर उभा होता, पोट भरल्यासारखा, आणि आता बसून रवंथ करेल असं वाटत होतं. पान चहात बुडवून, वाळवून, इस्त्री करून जुनं केलं. चहा माझ्या बायकोनं केला होता. तो कशासाठी वापरला हे पाहून ती मला अजून कप अर्धाच देते.

भूमला जाऊन आम्ही पान सापडलं म्हणून चाचांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याला चिकटवून पाहिलं. धुरकट नजरेला घोडा उभा दिसला तेवढा बास झाला. "पोचला म्हन की," असं म्हणून ते किती वेळ हसत राहिले. कुणाला दाखवू नका, असं साडूंनी विनवलं होतं. पण इतका आनंद एकट्यानं ठेवणं चाचांना जमलं नाही. त्यांनी सुनेकडून फोटो काढवला आणि ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर दिवाळी झाली. घोडा दरीत पडला म्हणणारा लिहितो, मी म्हणतच होतो. पंखवाला लिहितो, मलाही असंच आठवत होतं. प्राध्यापकांनी तर निबंधच लिहिला: पोटाची ही भरदार रेषा मूळ चित्रकाराचीच, उत्तरकाळात त्याची शैली अशीच जडावली होती. साडूंना त्यांच्या आयुष्यातली एकमेव चित्रकलेची शाबासकी मिळत होती आणि ते फोन उपडा घालून ठेवत होते. खरं सांगावं तर ऑपरेशनच्या तोंडावर चाचांचा घोडा परत दरीत जातो. गप्प राहावं तर खोटं पान महाराष्ट्रभर खरं म्हणून साठवलं जातं. ते गप्प राहिले.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाली आणि चाचांचा निरोप आला, दोघं या. आम्ही एसटीनं भूमला पोचलो. चाचांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, पान उजेडात धरलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "घोडा दुभता दिसतोय रे."

साडूंनी पान घ्यायला हात पुढं केला, चाचांनी ते मागं घेतलं.

"माझ्या दुकानाच्या फळीवर खडूनं वाघ काढला व्हतास. गिऱ्हाईक म्हनायचं, कासराभर लांब बांधा, लाथ मारंल."

"चुकलं चाचा. ग्रुपवर सांगून टाकतो."

"सांग. खोटं कशाला ठिवायचं." चाचांनी तो जुना अंक उघडला आणि भोकावर ते पान नीट बसवलं. "पर हे मी देनार न्हाई. माझा घोडा पोचला."

साडूंनी त्याच दिवशी ग्रुपवर सगळं कबूल केलं, आणि कायदा तो कायदा, स्वतःच स्वतःला बाहेर काढलं. राजा गेल्यावर प्रजेचं जे व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंगचे गुलाब आले, वज्रकेतूचा झगा निळा झाला. प्राध्यापकांनी आपला निबंध पुसून टाकला आणि रेषा पाहताच शंका आली होती, असा दुसरा लिहिला. वाशीहून माझ्या मेहुणीचा फोन आला. "दाजी, हे गिऱ्हाइकाशी नीट बोलायला लागलेत. फोनला हात बी लावत न्हाईत. मला भ्याव वाटायलंय."

मी दुकानात जाऊन बसलो. साडू एका शेतकऱ्याला फवारणीचं प्रमाण इतक्या शांतपणे समजावत होते की मलाही जरा भीती वाटली. तेवढ्यात गल्ल्यावर ठेवलेला फोन वाजला. एकुलता एक ॲडमिन निघून गेला की मोबाइल सभासदांपैकीच कुणाला तरी गादीवर बसवतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बसवलं होतं चाचांना. सुनेकडून बटन कुठलं ते विचारून त्यांनी साडूंना परत घेतलं होतं, आणि खाली त्यांचा बोललेला निरोप होता. साडूंनी हाताच्या कोपरानं तो लावला.

"हात धुऊन ये."

साडूंनी खताचे हात बघितले. उठले, दुकानामागच्या पाण्याच्या टाकीशी गेले आणि साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश हात धुऊ लागले. शेतकऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, थांबा जरा. तोही बिचारा थांबला.