फळा वाचून दाखवणारी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा राग नाकावर नसतो. तो त्या आत कुठेतरी नीट घडी घालून ठेवतात आणि वर्षानुवर्षं जपतात. मी अगदी उलटी. सकाळी ज्याच्याशी भांडते, त्यालाच दुपारी चहा विचारते. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वर्गमैत्रिणीवर त्या अजून रुसलेल्या आहेत हे कळलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढच्या काउंटरवर मी असते, फ्रेमी दाखवायला आणि गिऱ्हाइकांच्या नाकांचं कौतुक करायला. मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊबाई डोळे तपासतात. तीस वर्षं त्या तिथे बसून लोकांना एकच प्रश्न विचारत आहेत, "आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं?" लहान मुलांशी त्या फार गोड बोलतात, मोठ्यांशी जेवढ्यास तेवढं, आणि माझ्या मोठ्या दिरांशी गरज पडली तरच.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरूही फिरकत नाही. अशाच एका दुपारी मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर शाळासोबत्यांची एक वेबसाइट उघडून माझ्या वर्गातल्या मुलांना पडलेली टक्कलं बघत बसले होते. शाळा निवडायची, दहावीचं वर्ष टाकायचं, की सगळी वरात समोर हजर. जाऊबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

"यात कोणीही सापडतं?"

"ज्यांनी नाव नोंदवलंय ते सापडतात. तुम्हाला कोण हवंय, ताई?"

"कोणी नाही," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेत जाऊबाईंना फळा दिसत नसे. घरात कोणाला पत्ता नाही, शिक्षकांना नाही आणि खुद्द त्यांनाही नाही, कारण फळा सगळ्यांनाच धुरकट दिसतो अशी त्यांची समजूत. खिडकीकडच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक मुलगी बसायची. सदानकदा मान डाव्या खांद्याकडे झुकलेली, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं तिरपी. ही तिरपी फळ्यावरचं सगळं कुजबुजत वाचून दाखवायची आणि जाऊबाई उतरवून घ्यायच्या. तीन वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

दहावीत सहामाहीच्या गणिताच्या दिवशी प्रश्न फळ्यावर लिहून झाले आणि तिरपी दप्तर उचलून वर्गाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. जाऊबाईंचा पेपर कोराच राहिला. सरांनी विचारलं तेव्हा त्यांना म्हणावं लागलं, "मला काही दिसत नाही." सगळा वर्ग खदाखदा हसला. आठवड्याभरात चष्मा आला, आणि वर्गाने त्यांना आंधळी कोशिंबीर हे नाव बहाल केलं. त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत जाऊबाई तिरपीशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"मग आता कशाला शोधताय तिला? भांडायला?"

"विचारायचंय. त्या दिवशी उठून का गेली, एवढंच."

"आणि ती म्हणाली, सहज गेले, तर?"

"तर तसं म्हणू दे. पण मला कळलं पाहिजे." मग त्या म्हणाल्या, "रोज एखादं तरी पोर येतं माझ्याकडे. मी विचारते, तुला दिसत नाही हे कोणाच्या लक्षात आलं? ते सांगतं, शेजारी बसतो त्याच्या. दर वेळी मला तीच आठवते."

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांची शाळा निवडली, वर्ष टाकलं.

पण बायकांना शोधणं म्हणजे डोकेदुखी असते. लग्न झालं की आडनाव गेलं, कोणाकोणाचं तर पहिलं नावही गेलेलं. त्या वर्षीच्या एक्केचाळीस बायकांनी नावं नोंदवली होती आणि त्यांतल्या निम्म्याजणींनी स्वतःच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल नाहीतर नातवंड लावलं होतं. गुलाबाला काय विचारणार, तू माहेरची कोण म्हणून? मी कंटाळले. जाऊबाई मात्र एकेक फोटो मोठा करून बघत होत्या. शेवटी एका वाचनालयाच्या टेबलामागे उभ्या असलेल्या बाईवर त्यांनी बोट टेकवलं.

"ही."

"अहो, चेहरा धड दिसत नाहीये. आणि नावही वेगळंय."

"चेहरा कशाला हवाय? मान बघ."

मान डाव्या खांद्याकडे झुकलेली होती खरी.

निरोप लिहायला जाऊबाईंना तीन दिवस लागले. पहिल्या खेपेला पानभर मजकूर झाला, तो त्यांनीच पुसायला लावला. शेवटी गेलं ते एवढंच : 'मी खिडकीकडच्या बाकावरची. ओळखलंस का?' खाली दुकानाचा नंबर. पुढचे चार दिवस आमच्याकडे डोळे तपासून घेणाऱ्यांचं काही खरं नव्हतं. एका आजोबांना त्यांनी तोच तक्ता दोनदा वाचायला लावला आणि दोन्ही वेळा ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. नाव ऐकताच मी तो जाऊबाईंकडे दिला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि मला हाताने बसायची खूण केली. एकटीने ऐकायचं धाडस नसावं.

पलीकडचा आवाज शांत होता. ती वाचनालयात काम करत होती, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. सरांची चौकशी झाली, शाळेची झाली, गुडघ्यांचीही झाली. मग जाऊबाईंनी विचारलं, "सहामाहीच्या दिवशी तू उठून का गेलीस गं?"

तिने उलट प्रश्न केला.

"त्याच्या आधीच्या चाचणीत तुझी पाच गणितं चुकली होती, आठवतं?"

"आठवतं."

"तू नव्हतीस चुकली. मीच चुकीची वाचून दाखवली होती. खिडकीकडून फळा बघितला की मला एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली दिसायची. मान वाकडी केली की जरा बरं वाटायचं, पण तेवढ्याने भागेना. घरी सांगितलं, तर म्हणाले अभ्यास टाळायची सोंगं आहेत. मग मीच सरांना म्हटलं, मला पलीकडे बसवा. वाटलं, तुझ्या शेजारी कोणीतरी धड वाचणारी येईल. पण कोणी आलंच नाही."

जाऊबाईंचा चेहरा मला बघवेना. मी दुकानात आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं होतं, की मान वाकडी ठेवणाऱ्या पोराला लाडावलेलं समजायचं नाही, त्याला दोन-दोन दिसत असण्याची शक्यता असते, त्याला रांगेत न थांबवता आधी आत पाठवायचं. अशी किती मुलं त्यांनी डॉक्टरांकडे धाडली असतील, गणती नाही. मैत्रिणीच्या मानेवरून त्यांनी तिला चाळीस वर्षांनी ओळखलं, पण ती मान तशी का होती, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रुसवा आड आला, दुसरं काय!

"मग मला सांगितलं का नाहीस?" जाऊबाईंनी विचारलं.

"सांगणार होते गं. पण तुला चष्मा आला आणि तू बोलायचीच बंद झालीस. मला वाटलं, आता हिला फळा दिसतो. आता माझं काय काम?"

तक्रारीचा सूर जराही नव्हता. वाचनालय किती वाजता उघडतं हे सांगावं तसं तिने सांगितलं, म्हणून तर ते जास्त लागलं.

"नाही गं, तसं नव्हतं," एवढंच जाऊबाईंना म्हणता आलं. चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि त्या सरळ रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "अजून दोन दिसतं?"

"दिसतं. आता सवय झाली."

"यावर भिंग मिळतं, एका बाजूला जाड असतं. निदान बघू तरी. मी उद्याच येते. तपासायची भिंगांची पेटी घेऊनच येते, तासाभरात—"

"ये ना," पलीकडून तिने मध्येच थांबवलं. "पण पेटी नको आणूस. पहिल्यांदा काही काम नसताना ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने जाऊबाई रिकाम्या हातांनी गेल्या. मागची खोली मी दिवसभर बंद ठेवली.