बारशाचं हेलिकॉप्टर

आमच्या घरात हेलिकॉप्टर एकदाच उडालं, आणि खरं सांगायचं तर तेही उडालं नाही.

साल अठ्ठ्याण्णव. माणिकपूरचा आमचा वन रूम किचन, मुलीचं बारसं, आणि पाळणा टांगायला अख्ख्या घरात एकच हूक, तोही छताच्या पंख्याचा! पंखा उतरवला, पाळणा चढवला.

"मे महिना, चाळीस बायका आणि पंखा नाही?" बायको हादरली.

"मी आहे ना!" (हे वाक्य ऐकलं की आमच्याकडे आजही लोक चपला शोधतात.)

मी नुकतंच रद्दीतून हेलिकॉप्टरचं पुस्तक आणून वाचलं होतं. म्हणजे वीस पानं. पण तेवढ्यावर मी सासरच्या मंडळींना ऐकवत सुटलो, "चिनी पोरं बांबूची भिंगरी हातात चोळून उडवायची, तिथून सुरुवात! पातं तिरकं असतं, फिरलं की हवेला खाली ढकलतं, हवा त्याला वर ढकलते. झालं!"

पाळण्याच्या दोऱ्या वर जिथे एकत्र येतात तिथे मी टेबलफॅनची मोटर खाली तोंड करून बसवली. तिला पुठ्ठ्याची पाती, भोवती थर्माकोलचं हेलिकॉप्टर. बाळाला वारा, पाहुण्यांना विज्ञान! शेपटी तेवढी ट्यूबलाइटला अडत होती, म्हणून ती तिच्यावरच्या छोट्या पंख्यासकट कापून टाकली.

सांडोरचे माझे सासरे अण्णा, केळीच्या वाडीत जन्मभर पंप चालवलेला माणूस. पुस्तकातलं चित्र बघत म्हणाले, "जावईबापू, शेपटीचा पंखा का काढलात?"

"शोभेचा असतो तो, अण्णा!"

मुहूर्त जवळ आला. आत्या म्हणजे माझी थोरली ताई. तिने चार महिने खपून नाव शोधलेलं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ती पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी वाकली, बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या राहिल्या आणि मी ऐटीत बटण दाबलं. पाती उजवीकडे फिरली. टाळ्या! मग पाळणाही फिरू लागला. डावीकडे!

"अगं बाई, कान कुठे गेला?" म्हणत ताई कानामागून निघाली. तिच्यामागून हात उगारलेल्या बायका निघाल्या. त्या वरातीत मी असा रेटला गेलो की बटण राहिलं पलीकडे.

"मेल्या, बंद कर ते!"

"ताई, जरा पाय उचल, गाठशील!"

मुलगी गाढ झोपलेली. अण्णा शांतपणे एकविसावं पान वाचत होते. "जावईबापू, पाती एकीकडे फिरली की धड उलटं फिरतं म्हणे. ते थोपवायला शेपटीचा पंखा असतो."

तेवढ्यात दोरीला गुंडाळत गेलेली वायर ताणली आणि बोर्डातून पिन सुटली. हुश्श! पण पीळ बसलेली दोरी आता उलगडू लागली आणि पाळणा दुप्पट वेगाने उलटा परत आला!

"एकच मिनिट उरलंय मुहूर्ताला!" कोणीतरी ओरडलं. मी झेप घेऊन पाळण्याला मिठी मारली, डोकं थेट आत. गरगरलेल्या ताईने डोळे मिटून हाताला लागला तो पहिला कान पकडला.

"कुर्रर्र... तन्वी!"

आणि चाळीस बायकांचे धपाटे माझ्या पाठीत!

ताईने डोळे उघडले, माझ्या मिशा पाहिल्या आणि ती भोकाड पसरून रडली. "चार महिने जपलेलं नाव रे माझं! आता हे तुझं उष्टं नाव लेकराला देऊ?" मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी घाईघाईत मुलीचं नाव मृण्मयी ठेवलं. तन्वी सुटं राहिलं, ते सासुरवाडीने उचललं.

परवा मृण्मयीला बघायला पाहुणे आले होते. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांनी सवयीने हाक मारली, "तन्वी, पाणी आण गं!" मुलाकडची सगळी मंडळी सावरून बसली, नवरदेवाने भांग नीट केला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावले.

पाण्याचा ट्रे घेऊन मी बाहेर आलो.