रातांब्याची दोन तांबूस पानं

आज सकाळी सुमनवहिनींच्या परसातल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडली. कलमाच्या काडीला दोन तांबूस पानं फुटली होती, नखाएवढी, ओलसर. कलम जगलं होतं.

ही झाडं रोपं असताना मीच वहिनींना विकली होती. बियांपासून केलेल्या रातांब्यात निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ धरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोललो नाही. आठ वर्षं पाणी घातल्यावर सातातली दोनच फळली. बाकीच्यांकडे बोट दाखवून वहिनी म्हणायच्या, "भाऊ, हे तुमचे जावई. फुलं माळून बसतात नुसते." मी हसायचो आणि विषय बदलायचो.

गेल्या वर्षी एक नर कमरेइतका ठेवून कापला आणि महिन्यापूर्वी त्याच्या नव्या फुटव्यावर त्यांच्याच फळत्या झाडाची काडी बांधली. आठ वर्षांच्या मुळांनी ती आपली मानली. झाडाला इतक्या उशिरा नवं होता येतं, हे बघून मला राहवेना. मी वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"मला केव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी बोलता, तेवढंच बघत होते. आता बाकीचेही कापा. एक नर मात्र राहू दे, त्याच्याशिवाय फळ कसं धरेल?"

हेही मीच सांगायला हवं होतं. मी कोयता आणायला धावलो.