माझ्या हळदीची सीडी

मागच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला आमच्या धाकट्या भावाची हळद होती. थोरल्या भावाची आठ वर्षांची मुलगी कानांवर मोठे हेडफोन लावून खाटेवर बसली होती. तिला ऑटिझम आहे. मावशीने हळदीचा हात तिच्या गालाकडे नेला, तर माझ्या आईने तो वरच्या वर धरला.

"तिला न्हाई लावायची. सहन होत न्हाई तिला, डॉक्टरनं सांगितलंय."

मावशी बिनबोभाट मागे सरकली, आणि मी जळले. चाळिशीला आलेली बाई मी, आठ वर्षांच्या भाचीवर जळत होते. लाज वाटत होती, तरी जळायची थांबले नाही.

लहानपणी कुकरची शिट्टी झाली की मी कान दाबून परसात पळायचे. भाजीचा रस भाताला लागला की मला घास उतरायचा नाही. घरात त्याला नखरे म्हणत, आणि आई ताटातलं सगळं कालवून "गप खा" म्हणून पुढ्यात बसायची. तीच आई आता नातीसाठी डाळ पातेल्यात शिजवते आणि भाजी वेगळ्या वाटीत वाढते. भाचीचे डॉक्टरचे कागद घरी आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. वय सोडलं तर सगळं माझंच लिहिलं होतं. हे मी कुणाला बोलले नाही.

माझ्या हळदीची सीडी आहे घरात. त्यात मी किंचाळत मांडवाबाहेर पळते, चार बायका मला धरून आणतात, आणि माझे दोन्ही हात आईने आवळलेले दिसतात. दर दिवाळीला ती लावतात आणि अख्खं घर पोट धरून हसतं. इतकी वर्षं मीही हसत आले.

नातीला वाचवून आई हळदीची वाटी घेऊन माझ्याकडे वळली.

"मला बी नको," मी म्हणाले. "मला बी सहन होत न्हाई."

"तुला काय झालं आता? तुझ्या हळदीला तर बराबर लावून घेतली. तवा का न्हाई बोललीस?"

"बोलल्ते की. सीडीत ऐकू येतं."

आईने वाटी खाली ठेवली आणि पदराला बोटं पुसत बसली.

खाटेवर भाची आपल्याच नादात डोलत होती. तिला तर तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं.